रिकाम्या खाचा

रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागल्या की लोकांना गुऱ्हाळ आठवतं, रस आठवतो. मला मात्र धास्ती वाटते. पंचवीसेक वर्षं झाली, तरी वाटते. इंदापुरात आमच्या घरासमोरून ट्रॉली जाते, ट्रॅक्टरवाल्यानं गाणं मोठ्यानं लावलेलं असतं, मागं दोन-चार ऊस लोंबकळत डांबराला घासत जातात. त्यांचा तो खरखर आवाज कानावर पडला, की मला काळ्या पडद्यावरची एक पांढरी ओळ दिसते. जागच्या जागी थांबलेली. पुढं काहीच नाही, नुसती एक रेघ लुकलुकतेय. मग मी हातातलं काम ठेवते आणि थोडं पाणी पिते.

मी मुळातच काळजीची माणूस. आई म्हणायची, हिला काळजी करायला काही उरलं नाही, तर त्याचीही काळजी वाटेल. खोटं नव्हतं ते. एसटी वेळेवर आली तरी मला वाटायचं, चुकीच्या गाडीत तर नाही बसलो? असल्या बाईच्या हाती वयाच्या चोविसाव्या वर्षी कुणी कॉम्प्युटरची अख्खी लॅब द्यावी का? पण दिली. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, कॉलेजात कॉम्प्युटरचा नवा कोर्स निघाला होता, आणि तासाच्या मानधनावर इंदापुरात राहून शिकवायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

यंदा ट्रॉल्या सुरू झाल्या त्याच आठवड्यात प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, लॅबमधली जुनी दहा मशिनं डाळजच्या शाळेला द्यायचीत, मॅडम, तुम्ही स्वतः बघून द्या. शाळेचं पत्र हातात ठेवलं. पत्राखालची सही वाचली आणि मी तिथंच खुर्चीत बसले. ती सही कुणाची ते सांगते. पण आधी तो हंगाम सांगायला पाहिजे.

आमच्याकडं तेव्हा मशिनं आली तीसुद्धा अशीच दुसऱ्याची वापरलेली. एका साखर कारखान्यानं हंगामाच्या तोंडावर ऑफिसात नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने आठ कॉलेजला दिले. कारखाना कुठला ते राहू दे, चांगल्या मनानं दिले होते. ते आले ट्रॉलीतून. ट्रॉलीत खाली उसाचं पाचट हातभर अंथरलेलं, त्यावर पोती, पोत्यांवर मशिनं. रस्त्याचे धक्के लागू नयेत म्हणून. एक मॉनिटर तर बरोबर आलेल्या माणसानं सगळी वाट मांडीवर धरून आणला होता. ते तात्या. कारखान्याच्या वजनकाट्यावर बरीच वर्षं कॉम्प्युटर चालवत होते. मूळचे सुप्याकडचे. घरात पूर्वी मेंढरं होती. "लहानपनी मेंढरं मोजली, आता टनं मोजतो," असं स्वतःच सांगायचे. डोक्यावर पांढरी टोपी, चष्म्याला मागून दोरी.

मशिनं टेबलावर मांडून झाली. प्राचार्यांनी नारळ फोडला. तात्या निघता निघता प्रत्येक मशीनच्या डोक्यावर तळवा टेकवत गेले आणि दाराशी थांबले.

"काय कमी न्हाय ठेवलं, बाई. समदं भरून दिलंया."

मी म्हटलं, "उपकार झाले, तात्या."

"उपकार कसलं? नीट बघा म्हंजी झालं," म्हणाले, आणि चहा न घेता गेले. त्यांनी काय भरून दिलं होतं ते मला कळायला पुढं तीन महिने लागले.

डॉसवर, म्हणजे तेव्हाच्या साध्या सिस्टिमवर, मशिनं छान चालायची. पोरी खूश होत्या. वर्गात बाराजणी, मुलगा एकही नाही. मुलं बारामतीला नाहीतर पुण्याला जायची. मुलींसाठीच तर इंदापुरात कोर्स काढला होता. मग जानेवारीत विद्यापीठाचं पत्र आलं. प्रॅक्टिकल परीक्षा युनिक्सवर, म्हणजे दुसऱ्याच सिस्टिमवर, घ्यायची. परीक्षेआधी एक माणूस येऊन लॅब बघून जाईल, युनिक्स नसेल तर इंदापूरचं केंद्र रद्द आणि मुलींनी पुण्याला जाऊन दोन दिवस परीक्षा द्यायची. पत्र चारच ओळींचं होतं. मी ते इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं.

खरं युनिक्स विकत घेणं आमच्या कॉलेजच्या आवाक्यातलं नव्हतं, तो विषयच कुणी काढला नाही. बारामतीला नसीम होती, माझी बी.एस्सी.ची मैत्रीण. तिथं एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिनं एक सीडी हातात ठेवली. कुठल्याशा मासिकाबरोबर आलेली. म्हणाली, "हे लिनक्स. युनिक्ससारखंच, सगळ्या कमांड त्याच. आणि फुकट. जुन्या मशीनवर पण चालतं म्हणे." त्या 'म्हणे'कडं मी तेव्हाच लक्ष द्यायला हवं होतं.

"फुकट?" प्राचार्य चष्म्याच्या वरून बघत म्हणाले. "फुकट कोण देतं हो, मॅडम? काहीतरी गोम असणार."

"सर, आपली आठ मशिनंपण फुकटच आली की," माझ्या तोंडून निघून गेलं. बोलल्यावर माझंच धाबं दणाणलं. तीन दिवस मी स्टाफरूममध्ये त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. ते मात्र विसरूनही गेले होते.

आणि गोम निघाली. आमच्या मशिनांत सीडी लावायची सोय नव्हती, म्हणून नसीमनं ते फ्लॉपीवर उतरवून दिलं होतं. पहिल्या मशीनमध्ये फ्लॉपी घातली, सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर सरकायला लागल्या. प्रोसेसर सापडला, मेमरी सापडली, डिस्क सापडली. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या मशीनलाही फ्लॉपी घातली. तेवढ्यात पहिलं थांबलं. मधेच, एका ओळीवर. पाच मिनिटं बघितलं, दहा मिनिटं बघितलं. बंद करून परत लावलं. परत तिथंच. दुसरं मशीन वेगळ्याच ओळीवर थांबलं. तिसरं त्याच्याही आधी. आठही मशिनं आठ ठिकाणी थांबली. एकाच ठिकाणी थांबली असती तर एकच दुखणं म्हणता आलं असतं.

हे का होत असावं ते मी पोरींना सांगायचे, खरं तर स्वतःलाच समजावायचे. डॉस म्हणजे ओसरीवरचा पाहुणा. चहा पितो, काम सांगतो, जातो. आतल्या खोलीत कोण निजलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लिनक्सचं तसं नाही. ते म्हणजे थोरली आत्या. उंबऱ्यात पाऊल टाकलं की घरातल्या एकेकाला हाक मारणार, तू कोण, कुणाची, काय करतेस. मशीनच्या आत पडद्याची, नेटवर्कची अशी सुटी कार्डं बसवलेली असतात, त्या प्रत्येकाला विचारून घेतल्याशिवाय ते पुढं जात नाही. आणि एखाद्यानं उत्तर दिलं नाही, किंवा भलतंच दिलं, तर तिथंच उभं. पोरी हसायच्या. मीही हसायचे, आणि परत फ्लॉपी घालायचे.

नसीमच्या क्लासमध्ये नुकतंच इंटरनेट आलं होतं. तिथून तिनं मला एक यादी छापून दिली. लिनक्सला कोणतं कार्ड चालतं, कोणतं चालत नाही, कोणतं चालतं पण आधी काय सांगावं लागतं. छिद्रांच्या कडेचा लांबलचक कागद, घड्या घालून चांगला चाळीस पानांचा गठ्ठा झालेला. मी तो पदराखाली धरून एसटीत बसायचे आणि बारामतीपासून इंदापूरपर्यंत वाचायचे. हंगामात ती एसटी म्हणजे काय विचारता. लासुर्ण्यापर्यंत एका ट्रॉलीमागं, लासुर्ण्यापासून निमगाव केतकीपर्यंत बैलगाड्यांमागं. खिडकीतून धूळ आणि मळीचा आंबूस वास. एकदा शेजारच्या म्हातारीनं कागदावर हात ठेवून विचारलं, "कसली पोथी हाय गं?" मी म्हटलं, "परीक्षेची." तिनं हात जोडले. मला इतकं भरून आलं की मी खिडकीबाहेर बघत बसले.

मग मी मशिनं उघडली. कार्डावरच्या चिपवर बारीक आकडे असतात, ते टॉर्च मारून वाचायचे आणि यादीत शोधायचे. झाकण काढलं की आत मागच्या बाजूला कार्डं बसवायच्या खाचा असतात. पाच किंवा सहा. आमच्या आठही मशिनांत एकही खाच रिकामी नव्हती. मला आठवतंय, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चकित झाले होते. कारखान्याची मशिनं म्हणजे किती भरलेली. नसीमच्या क्लासमधल्या नव्या मशिनांत दोन कार्डं, आणि आमच्याकडं सहा. वाटलं, वजनकाट्याला, पगाराला, कशाकशाला लागत असतील. यातली निम्मी कार्डं यादीत नव्हतीच. काहींवर नावच नव्हतं, नुसता आकडा आणि तैवान. मी रोज एक आकडा घेऊन बारामतीला फोन करायचे. नसीम शोधायची आणि म्हणायची, "हे नाही गं मिळत." रोज हेच.

आता हसू येतं. कार्ड चालत नाही म्हणून ते कार्ड चालवण्यासाठी मी जिवाचं रान करत होते. ते काढून बघावं असं एकदाही मनात आलं नाही. कारखान्यानं घातलंय म्हणजे कशासाठी तरीच घातलं असणार, ते आपण कोण काढणार, काढलं आणि मशीन उठलंच नाही तर? हा माझा स्वभाव. वडीलधाऱ्यांनी ठेवलेली वस्तू मी जागची हलवत नाही.

त्याच दिवसांत शैलाचे वडील आले. शैला निमगावहून यायची, वर्गात सगळ्यात हुशार. दोन बोटांनी टाइप करायची, ओठ हलवत, पण प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालायचा. वडील शेतकरी. चार डाळिंबं पिशवीत घेऊन आले, टोपी काढून बाकावर बसले. शैला त्यांच्या मागं ओढणीचं टोक पिळत उभी होती.

"बाई, परीक्षा हितं हाय ना?"

मी म्हटलं, "हो, तयारी चालू आहे."

"हितं असंल तर माझी ना न्हाय. पर पुन्याला दोन दिस मुक्कामाला म्या पोरीला न्हाय धाडनार. आमच्याकडं तसं न्हाय चालत." थोडं थांबून म्हणाले, "न्हाय जमलं तर न्हाय. पाव्हनं बघून ठेवल्यात. मग शिकायचं काय कारन ऱ्हातंय?"

ते रागानं बोलत नव्हते, दटावतही नव्हते. मला तर वाटतं तेही घाबरलेले होते. माझ्यासारखेच. त्यांनी डाळिंबं टेबलावर ठेवली आणि नमस्कार करून गेले. बाराजणींपैकी आठजणींच्या घरी हीच बोलणी चालू आहेत हे मला ठाऊक होतं. शैला दारातून मागं वळली. "मॅडम, चालेल ना हो?" एवढंच म्हणाली. त्यानंतर रोज तास संपला की ती हे एवढंच विचारायची. मी म्हणायचे, "चालेल." खोटं बोलतेय असं वाटायचं, आणि ते खोटं ठरलं तर त्या पोरीचं काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं.

विद्यापीठाचा माणूस यायला आठवडा राहिला, आणि एकही मशीन उठलेलं नव्हतं. शेवटी कार्डांची यादी पर्समध्ये घातली आणि एका रविवारी सकाळी मी कारखान्यावर गेले. म्हटलं, निदान ही कार्डं कशाची आहेत ते तरी तात्यांना विचारावं. फाटकापासून काट्यापर्यंत ट्रॉल्यांची आणि गाड्यांची रांग. बैल उभ्याउभ्या रवंथ करताहेत, तोडणीवाल्यांच्या बायका गाडीच्या सावलीत भाकरी खाताहेत. तात्या केबिनमध्ये. नव्या कॉम्प्युटरसमोर बसलेले, पण समोर हातानं लिहायची वही उघडीच ठेवलेली.

"या बाई. मशिनं कशी हायत?"

"बरी आहेत, तात्या. एक विचारायचं होतं. ती आतली कार्डं कशाकशाची आहेत?"

"कंची कार्डं?"

"खाचांमधली. प्रत्येक मशीनमध्ये पाच-सहा आहेत."

"ती व्हय?" तात्यांचा चेहरा उजळला. "ती भंगारातली. स्टोअरात पेटी व्हती एक, जुन्या मोडल्याल्या मशिनांची."

मला नीट ऐकू आलं, पण कळलं नाही.

"आता बघा," तात्या मला समजावून सांगायला लागले, "तुमाला मशिनं द्यायची ठरलं. म्या झाकनं उघडली, धूळ झाडली. आत बघतो तर सहा खाचा आन् कार्डं दोनच. चार नुसत्या रिकाम्या. म्या म्हनलं, हे बरं दिसतंय व्हय? इतकी वर्सं ही मशिनं आमच्याकडं राबली. लेक सासरला धाडायची तर रिकाम्या वटीनं धाडत्यात का? कुनी झाकन उघडून बघितलं तर काय म्हनंल? मग पेटीतलं बसंल ते बसवलं. एक खाच रिकामी ठेवली न्हाय."

बाहेर ट्रॉलीवाल्यानं हॉर्न दिला. तात्यांनी वजन बघितलं, वहीत लिहिलं, पावती दिली आणि परत माझ्याकडं वळले. माझा चेहरा बघून त्यांना काहीतरी जाणवलं असावं.

"का? बिघाडलं का काय?"

"नाही नाही," मी म्हटलं. "सहज विचारलं."

परत येताना एसटीत मी आधी हसले आणि मग मला रडू आलं. इतके आठवडे. ती चाळीस पानं. नसीमचे फोन. आणि उत्तर होतं, ओटी. आमच्या घरात ओटी भरणं बंद होऊन दोन पिढ्या झाल्या. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसापासून देव्हारा गेला, त्याच्याबरोबर हेही सगळं गेलं. मी बारामतीला शिकायला निघाले तेव्हा आईनं बांधून दिल्या त्या भाकरी आणि एक शाईचं पेन. तेव्हा माझ्या डोक्यात हे येणं शक्यच नव्हतं. पण खरं सांगू, तात्यांचा राग नाही आला. यंत्राला लेक म्हणणाऱ्या माणसाचा राग कसा येणार? उलट भीती वाटली. आता ती ओटी मलाच रिकामी करायची होती.

सोमवारी पहिला तास मोकळा होता. खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून घेतला, अंगातली वीज उतरावी म्हणून. पहिल्या मशीनचं झाकण काढलं. पडद्याचं कार्ड ठेवलं, नेटवर्कचं ठेवलं, बाकी चार एकेक करून उपसून काढली. एक स्क्रू आत पडला आणि तो काढण्यातच दहा मिनिटं गेली. फ्लॉपी घातली. ओळी सरकायला लागल्या. प्रोसेसर. मेमरी. डिस्क. जिथं थांबायची ती ओळ आली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती ओळ वर निघून गेली होती आणि तिच्याखाली आणखी दहा ओळी होत्या. बऱ्याच वेळानं पडदा स्थिर झाला. 'लॉगिन' असं लिहून ते माझी वाट बघत होतं.

मी रडले. अगदी हुंदके देऊन. शैला दारात कधी येऊन उभी राहिली ते कळलं नाही. ती म्हणाली, "नाही चालत ना, मॅडम?" मी पडद्याकडं बोट दाखवलं. तिनं जवळ येऊन वाचलं. मग माझ्याशेजारच्या स्टुलावर बसली आणि तीही रडायला लागली. शिपाई घाबरून पाणी घेऊन आला.

आठातली सहा मशिनं उठली. एकाची डिस्क इतकी जुनी होती की लिनक्सनं तिला ओळखच दिली नाही. एक शेवटपर्यंत रुसलेलंच राहिलं, का ते मला आजही सांगता येणार नाही. सहा म्हणजे सहाजणींच्या दोन तुकड्या. जमत होतं. उपसलेली सगळी कार्डं मी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवली. विद्यापीठाचा माणूस आला, एका मशीनसमोर उभ्याउभ्या एकच कमांड टाइप केली, उत्तर बघितलं आणि विचारलं, "इथं मासे चांगले कुठं मिळतात?" एवढ्यासाठी माझं चार किलो वजन उतरलं होतं.

परीक्षेच्या दिवशी मला लाइटची धास्ती. हंगामाच्या दिवसांत कधी जाईल सांगता यायचं नाही. बाहेरून आलेले परीक्षक कडक दिसत होते. पोरींनी ताटलीतल्या प्रश्नांच्या स्लिपा उचलल्या, स्वतःच्या नशिबाची चिठ्ठी उघडावी तशा उघडल्या. शैला तिसऱ्या मशीनवर. तिचे ओठ हलायला लागले तशी मी जरा सावरले. तेवढ्यात शिपायानं हळूच येऊन सांगितलं, कारखान्याचे तात्या आलेत, मशिनं बघायचीत म्हणे.

मी मागच्या दारानं त्यांना आत घेतलं. लॅबला लागूनच एक बारकी खोली होती. त्या खोलीत ते रुसलेलं मशीन झाकण काढून टेबलावर ठेवलेलं. त्यातली तर सगळीच कार्डं मी काढून बघितली होती, आणि ते झाकायला विसरले होते. तात्या आत आले, आणि त्यांची नजर सरळ तिथंच गेली. सहा खाचा, सहाही रिकाम्या. शेजारी खोक्यात कार्डं.

"काढली व्हय?" तात्या हळू आवाजात म्हणाले.

"हो, तात्या. त्यांच्यामुळं अडत होतं. नवीन सिस्टिमला ती ओळखता येईनात." मी भराभर बोलत गेले. केंद्र, पुणे, शैला, तिचे वडील, पाव्हणं, सगळं. मला त्यांना दुखवायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं.

तात्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. "म्हंजी म्याच आडवा आलो की पोरींच्या."

"असं नका म्हणू."

दाराच्या फटीतून लॅब दिसत होती. सहा पोरींच्या सहा पाठी, आणि टाइप केल्याचा आवाज. तात्या फटीशी जाऊन उभे राहिले. तिसऱ्या मशीनकडं बोट केलं. "ते माझं. काट्यावरचं." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "वटीतलं पोरीचं असतंय, बाई. तिनं ठिवावं, न्हायतर उतरून ठिवावं. आपुन इचारायचं न्हाय." आणखी थोडं बघून म्हणाले, "चालतीय न्हवं? मग बास."

लाइट गेली नाही. शैलाचा प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला. बाराच्या बाराजणी पास झाल्या. पुढं सगळं गोडच झालं असं नाही. त्याच उन्हाळ्यात शैलाचं लग्न झालं, पाव्हणं बघून ठेवलेलेच होते. मी लग्नाला गेले, अक्षता टाकल्या आणि परत येताना मनात म्हटलं, एवढं करून शेवटी हेच. कितीतरी वर्षं मला तसंच वाटत राहिलं. तात्याही गेले. काट्यावरचं मशीन कधी भंगारात गेलं, मला आठवतही नाही. ते खोकं मात्र माझ्या कपाटात आहे.

आणि आता हे पत्र. डाळजच्या शाळेचं. 'आमच्या शाळेत संगणक नाहीत. जुने असले तरी चालतील, त्यावर मी लिनक्स टाकून घेईन.' खाली सही, संगणक शिक्षिका म्हणून, शैलाची. सासरचं आडनाव लावलेली.

या आठवड्यात मी दहाही मशिनं एकेक करून उघडली. धूळ झाडली, लिनक्स टाकलं, चालवून बघितलं. काय चालतं, काय चालत नाही, कोणत्या कार्डाचा आकडा काय, ते प्रत्येकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला स्वच्छ अक्षरात लिहून चिकटवलं. तिला चाळीस पानं शोधत बसायला नको. प्रत्येक मशीनमध्ये दोन खाचा रिकाम्या होत्या. मी कपाटातलं तात्यांचं खोकं काढलं. वर्तमानपत्र पिवळं पडलंय, कार्डं तशीच आहेत. एक हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, आपण कुणाची तरी ओटी भरावी. मग ते परत गुंडाळून ठेवलं आणि प्रत्येक यादीच्या खाली एकेक ओळ लिहिली. 'दोन खाचा रिकाम्या आहेत. मुद्दाम ठेवल्यात, तुला हवं ते बसव.'

स्क्रू घट्ट केले. उद्या सकाळी शाळेची गाडी येणार आहे. बाहेरून उसाची ट्रॉली गेली, मागचे ऊस रस्त्याला घासत गेले. चालेल ना तिथं, असं मनात आलं, आणि मी पहिल्या मशीनचं झाकण परत एकदा उघडलं.